दोन लिटर नायट्रोजन

शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०४२. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. कोरेवाडीच्या माध्यमिक विद्यालयात विज्ञान दिनाच्या मांडवाखाली ठेवलेल्या डब्यातला द्रव नायट्रोजन संपला. आईस्क्रीम अजून व्हायचंच होतं.

तो कुणी सांडला नव्हता आणि कुणी वापरलाही नव्हता. उघड्यावरचा द्रव नायट्रोजन बसल्या जागी उकळत राहतो आणि ज्या हवेतून आला त्या हवेत परत जातो. कार्यक्रम नऊचा होता. पंचायत समितीचे सभापती पावणेअकराला आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, आणि विज्ञानामुळे तालुका कसा पुढे गेला यावर सभापतींचं भाषण. डब्यावरची पांढरी वाफ तोवर पातळ होत होत दिसेनाशी झाली.

विज्ञान शिकवणाऱ्या हर्षदा बंडगर यांनी मुख्याध्यापक वाघमोडे सरांना आधीच सांगून पाहिलं होतं.

"सर, हा पाहुण्यांसाठी थांबत नाही. मुलांना आत्ता करून दाखवते. सभापती आले की त्यांना तयार आईस्क्रीम देऊ."

"मॅडम, दिवा लागायच्या आधी प्रयोग? पहिला चमचा सभापतींच्या हस्ते, असं पत्रिकेत छापलंय. उडून गेला तर आणू दुसरा. रस्त्यापलीकडं कारखानाच आहे की त्याचा."

रस्त्यापलीकडे कारखाना नव्हता, शीतपेढी होती.

दहा वर्षांपूर्वीपर्यंत द्रव नायट्रोजन म्हणजे शहरातल्या मोठ्या प्रकल्पातून टँकरने येणारी वस्तू होती. हवा प्रचंड दाबायची, थंड करायची, एकदम मोकळी सोडायची, पुन्हा दाबायची. असं करत ती उणे एकशे शहाण्णव अंशांपर्यंत नेली की तिच्यातला नायट्रोजन पाण्यासारखा वाहू लागतो. त्याला अवजड यंत्रं आणि बेसुमार वीज लागे. मग ध्वनीवर चालणारं शीतयंत्र आलं. जाड नळीत हेलियम कोंडायचा आणि त्यात एक अतिशय जोरकस आवाज सतत घुमवत ठेवायचा. आवाजाच्या लाटा नळीच्या एका टोकाची उष्णता उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन टाकतात. आत झिजणारा भाग नाही, तेल नाही, बाहेर ऐकू येते ती फक्त लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी घरघर. छपरावरच्या सौर पॅनेलवर चालणारं हे यंत्र कपाटाएवढं होतं. लोकांनी त्याचं नाव गारचक्की ठेवलं.

गारचक्की तालुक्यातालुक्यात पोचली ती उन्हामुळे. एप्रिल-मे महिन्यांत पारा अठ्ठेचाळीसवर जाऊ लागला, तशा गाई गाभण राहीनात. पाठोपाठ माणसांचंही तेच सुरू झालं. उघड्यावर, भट्टीपाशी, पॅनेलखाली काम करणाऱ्या पुरुषांचं बीज उन्हाने मरत होतं. तेव्हा सरकारने बीजरक्षण योजना काढली. लग्नाआधी येऊन नमुना द्यायचा, तो नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायचा. कोरेवाडीत त्यासाठी वेगळी इमारत मिळाली नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दालनातच सोय झाली, तीच ही शीतपेढी. एका भिंतीला वळूंची टाकी, समोरच्या भिंतीला माणसांची. "एकीकडं खिलार, एकीकडं जावई," असं गावात म्हणत आणि हसत. पण नमुना द्यायला सगळे जात.

हर्षदाचा धाकटा भाऊ सुहासही गेला होता. साक्षीदार म्हणून हर्षदाने सही केली होती. "आक्का, आत्ता गोठवून ठेव, म्हातारपणी वितळव," असं तो म्हणाला होता, आणि कारकुनासमोर तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

गेल्या मे महिन्यात सौर प्रकल्पावर पॅनेल धुताना सुहास ऊन लागून कोसळला तो उठलाच नाही. सव्वीस वर्षांची त्याची बायको रेश्मा तेव्हापासून सासरीच होती. दिवाळीत मंगळवेढ्याचं एक चांगलं स्थळ आलं, ते तिने परतवलं. सुहासने संमतीपत्रावर लिहून ठेवलं होतं, की माझ्यामागे बायकोची इच्छा असेल तर नमुना तिला मिळावा. तिची इच्छा होती. मार्चच्या मध्याला सोलापूरच्या एका रुग्णालयात तिचे उपचार ठरले होते आणि इंजेक्शनं सुरू झाली होती.

नायट्रोजन आणायला विद्यार्थ्यांना पाठवायची परवानगी नव्हती. रिकामा डबा घेऊन हर्षदा स्वतः रस्ता ओलांडून गेली.

पेढीचा तंत्रज्ञ इरफान मुलाणी टेबलापाशी भाकरी सोडून बसला होता.

"मॅडम, तुमचा हिस्सा सकाळीच दिला की."

"उडाला, इरफानभाई."

"भाषणं सोसली नसतील त्याला," इरफान म्हणाला आणि हात पुसत उठला. "पण चक्कीच्या भांड्यात आता थेंब नाही. दुपारी तीनपर्यंत भरेल."

"तीनला मुलं घरी जातील. दोनशे मुलं उकाड्यात बसलीत. दोन लिटर द्या फक्त. टाकीतून द्या. दुपारी भरेलच ना ती आपोआप."

वळूंच्या टाकीतला द्रव आधीच कमी होता, म्हणून इरफानने माणसांच्या टाकीकडे पाहिलं. पंप लावला असता, तर पंप चालल्याची नोंद थेट जिल्ह्याला गेली असती आणि तिकडून विचारणा आली असती. मग त्याने लांब दांड्याची पळी काढली. टाकीचं तोंड अरुंद होतं. आत सहा कॅनिस्टर, म्हणजे चाळणीसारख्या बुडाचे उंच पेले, तोंडाच्या कडेला आपापल्या दांड्यांनी टांगलेले होते. त्यांतल्या नळ्यांत तालुक्यातल्या पुरुषांचे नमुने होते. पळी आत जायची तर एक कॅनिस्टर वर ओढून बाजूला धरायला हवा होता.

"हातमोजा घाला. हा दांडा धरा. गळ्याच्या वर आणायचा नाही, बरं का. गळ्यापर्यंतच."

तिने दांडा धरला. इरफान वाकून पळीने डबा भरू लागला. टाकीच्या तोंडातून धुकं वर येत होतं. त्या धुक्यात तिला जांभळी टोपी दिसली. जांभळ्या टोपीच्या चार नळ्या. साक्षीदार म्हणून सही करताना तिने तो रंग आणि तो क्रमांक वाचला होता.

क्रमांक नीट दिसेना, म्हणून तिने दांडा वर घेतला. आणखी थोडा. नळ्यांवर पांढरं दव धरलं. तिने फुंकर घातली, तसा क्रमांक दिसला. सुहास हसताना डावा डोळा बारीक करायचा. शाळेत असताना तिच्या डब्यातला गूळ चोरायचा. आता तो एवढाच उरला होता, काडीएवढ्या चार नळ्या.

"मॅडम! खाली! खाली घ्या आधी!"

तिने दांडा खाली सोडला. इरफानने झाकण लावलं. भिंतीवरच्या पडद्यावर टाकीचं तापमान उणे एकशे शहाण्णव दिसत होतं. ते एका अंशानेही हललं नव्हतं.

"काही झालं नाही ना?" तिने विचारलं.

"काय व्हायचंय? जा तुम्ही, सभापती खोळंबलेत."

डाळिंबाचा रस, दूध, साय आणि साखर मोठ्या पातेल्यात तयारच होती. हर्षदाने नायट्रोजन ओतला, वाघमोडे सरांनी लाकडी उलथण्याने ढवळलं, आणि टेबलावरून ढग ओसंडून पहिल्या रांगेतल्या पोरांच्या मांडीवर आले. पोरं किंचाळली. सभापतींनी पहिला चमचा खाल्ला, गाल धरला आणि म्हणाले, "दाढ गेली राव!" टाळ्या झाल्या.

"एवढं मऊ कसं लागतं?" हर्षदाने माइकवरून विचारलं आणि उत्तरही दिलं. "पाणी सावकाश गोठलं की बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक होतात. झटकन गोठलं की होतात ते इतके बारीक, की जिभेला कळत नाहीत."

सातवीतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, हे वितळायला लागलं आणि परत गोठवलं तर?"

"तर बारीक स्फटिक एकमेकांना चिकटून मोठे होतात. नुसतं थोडं तापलं तरी पुरतं, पूर्ण वितळायलाही लागत नाही. परत गोठवलं की वरून तसंच दिसतं, पण आतून..."

ती थांबली. माइकमधून नुसती खरखर येत राहिली.

"आतून काय, मॅडम?"

"करकरीत होतं," हर्षदा म्हणाली आणि माइक टेबलावर ठेवला.

पेशीचंही तेच असतं. नळीतलं बीज जिवंत राहतं, कारण त्याच्यातलं पाणी काचेसारखं गोठलेलं असतं. उणे एकशे तीसच्या वर गेलं की त्या काचेत स्फटिक धरू लागतात, वाढतात आणि पेशीचं आवरण आतून फाडतात. काडीएवढी नळी उघड्या हवेत तिथवर तापायला फार वेळ लागत नाही. पुन्हा द्रवात बुडवली की ती पहिल्यासारखीच दिसते. आतलं जिवंत आहे की मेलेलं, हे नळी वितळवल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा वितळवलेली नळी परत ठेवता येत नाही.

दुपारी मांडव उतरत असताना हर्षदा पुन्हा पेढीत गेली. या वेळी ती प्रमुख डॉक्टर केसकर यांच्यासमोर बसली आणि घडलं ते तिने सांगितलं. केसकरबाईंनी शांतपणे पडदा तिच्याकडे वळवला. सकाळपासूनची तापमानाची रेघ सरळ होती.

"बघा. कुठं काही नाही."

"मॅडम, तापमापी टाकीच्या बुडाशी आहे. कॅनिस्टर वर होता. बुडाला कसं कळणार?"

"किती वेळ होता वर?"

हर्षदा पडद्यावरची रेघ बघत राहिली.

"तुम्हालाच माहीत नाही. इरफान म्हणतो, गळ्याच्या वर आलाच नाही." केसकरबाईंनी आवाज खाली आणला. "त्या कॅनिस्टरमध्ये आणखी अकरा घरांचे नमुने आहेत. उद्या त्या अकरा घरांना मी काय सांगू? आईस्क्रीमपायी तुमचा वंश गेला असेल किंवा नसेलही? वितळवून बघा, म्हणू? काहींची एकच नळी आहे. घरी जा. विसरून जा."

हर्षदा घरी गेली, पण विसरली नाही. रेश्मा पोटावर इंजेक्शन टोचून घेऊन, कापूस दाबून बसली होती. आई डाळ निवडत होती. हर्षदाने चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

आईने सूप बाजूला सारलं.

"वर धरलंस? कशापायी?"

"सुहासचं आहे का ते बघायला."

"बघायला," आई म्हणाली. "आणि आता हिला सांगतीयास की जाऊ नको म्हणून."

"जाऊ नको म्हणत नाही, आई. एक नळी आधी तपासून घेऊ, म्हणतेय. मेलेलं असेल, तर ही इंजेक्शनं, तो त्रास कशाला? हिचं वय काय? मंगळवेढ्याचं स्थळ अजून..."

"आलं का पोटातलं ओठावर!" आई उठून उभी राहिली. "तुला झालं न्हाय म्हणून नवऱ्यानं आणून घातली इथं. पाच वर्षं झाली, मी तोंडातनं शब्द काढला न्हाय. पण भावाचं लेकरू या घरात रांगलं, तर तुझ्या डोळ्यांत सलंल, व्हय ना?"

"आई!"

"आत्या व्हायची बाई तू, आणि सटवी होऊन बसलीस."

हर्षदाने रेश्माकडे पाहिलं. रेश्माने कापूस उचलून पाहिला. रक्त थांबलं होतं.

"आक्का," ती म्हणाली, "उद्या माझ्यासोबत पेढीत चला. इरफानभाऊंना माझ्यासमोर विचारू."

दुसऱ्या दिवशी इरफान बाहेरच्या ओट्यावर भेटला. दोघींना एकत्र येताना पाहून त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"इरफानभाऊ, आक्का म्हणतात, कॅनिस्टर बाहेर आला होता."

"नाही, वहिनी. असं काही झालं नाही."

"तुम्ही ओरडलात ना, खाली घ्या म्हणून?" हर्षदा म्हणाली. "इरफानभाई, माझ्याकडं बघून सांगा."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "मॅडम दमल्या होत्या उन्हानं. मी पाणी घ्या म्हटलं असेल."

इरफानचं कंत्राट दर जूनमध्ये नव्याने होत असे आणि त्याच्या घरात तीन मुलं होती. हर्षदाला हे ठाऊक होतं, त्यामुळे तिला त्याच्यावर धड रागावताही येईना. परत येताना रेश्मा दोन पावलं पुढे चालत राहिली. वळणावर ती थांबली.

"चारच नळ्या आहेत, आक्का. डॉक्टर दोन वेळा प्रयत्न करणार, दोन-दोन नळ्या घेऊन. एक तपासायला फोडली आणि चांगली निघाली, तर मी काय करू? एक प्रयत्न तुमच्या शंकेला वाहिला, असंच ना?"

"आणि वाईट निघाली तर?"

"तर मला आत्ताच कळेल," रेश्मा म्हणाली. "मला आत्ता कळायचं नाही."

हर्षदाने मग जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. आठवड्याभरात उत्तर आलं. टाकीच्या तापमानाची नोंद अखंड असून तक्रारीत तथ्य आढळत नाही. मात्र शाळेच्या कार्यक्रमासाठी टाकीतून विनापरवाना नायट्रोजन काढल्याचं शिक्षिकेने स्वतःच मान्य केल्यामुळे शिक्षण विभागाने योग्य ती कार्यवाही करावी. म्हणजे नायट्रोजन काढला, हे तिच्या सांगण्यावरून खरं ठरलं आणि कॅनिस्टर वर आला, हे तिच्याच सांगण्यावरून खोटं ठरलं. शिक्षण विभागाने खुलासा मागवला. त्याच आठवड्यात कोरेवाडीच्या आईस्क्रीमला तालुक्यातला उत्कृष्ट विज्ञान उपक्रम म्हणून पहिलं बक्षीस जाहीर झालं. ते वाघमोडे सरांनी स्वीकारलं.

घरात आईने तिचं ताट वेगळं वाढायला सुरुवात केली. रेश्मा भांडली नाही, तिने काही विचारलंही नाही. दहा मार्चला तिचा भाऊ जतहून आला आणि तिला सोलापूरला घेऊन गेला. निघताना ती सासूच्या पाया पडली. हर्षदा दारात उभी होती. तिच्यासमोर रेश्मा क्षणभर थांबली, मग वाकली, पण पायाला हात लागण्याआधीच उठली.

शनिवारी, १५ मार्चला, मधल्या सुट्टीत हर्षदाचा फोन वाजला.

"आक्का, मी रेश्मा."

"बोल गं. कशी आहेस?"

"दोन नळ्या काढल्या. पहिलीतलं काहीच हललं नाही. दुसरीत थोडं होतं. एक गर्भ झालाय. परवा ठेवणार."

हर्षदा वर्गाच्या पायरीवर बसली. "डॉक्टर काय म्हणाले?"

"उन्हात काम करणाऱ्यांचं पुष्कळदा असंच निघतं म्हणाले. ह्यांच्या बीजाचा आधीचा आकडाही कमीच होता. गोठवताना किती वाचलं, ते तालुक्याच्या पेढीत बघतच नाहीत. त्यामुळं कधी मेलं, ते सांगता येत नाही. उन्हानं, गोठवताना, का नंतर."

"बरं."

"मी विचारलं त्यांना, नळी बाहेर राहिली तर किती वेळात बिघडते. त्यांनी सांगितलं." रेश्माचा आवाज सपाट होता. "आता तुम्ही सांगा. किती वेळ धरली होती?"

पटांगणात पोरं कबड्डी खेळत होती. हर्षदाच्या मनात एक आकडा आला, लहानसा, दोघींनाही सोसवेल असा. तो तिच्या जिभेवर आला आणि तिथेच राहिला.

"मला माहीत नाही, रेश्मा."

"तुम्ही पोरांना सगळं मोजायला लावता. पाणी किती वेळात उकळलं, लंबक किती वेळा हलला."

"हो."

"मग?"

"मी मोजत नव्हते. मी सुहासला बघत होते."

फोन बंद झाला.

गर्भ सोमवारी, १७ मार्चला ठेवला, असा निरोप रेश्माच्या भावाने हर्षदाच्या आईला दिला. राहिला की नाही, ते कळण्यासाठी रक्ताची तपासणी ३१ मार्चला होती. ती झाली. निकाल त्याच संध्याकाळी रेश्माच्या हातात पडला, एवढं रुग्णालयातल्या ओळखीच्या एका परिचारिकेकडून कळलं. तो काय आहे, हे सांगायला परिचारिकेने नकार दिला. रेश्मा कोरेवाडीला न येता परस्पर जतला, माहेरी गेली. आईने फोन लावला. तो वाजत राहिला.

बुधवारी, २ एप्रिलला, सकाळी रेश्माचा भाऊ जीप घेऊन आला. त्याने बहिणीचे कपडे आणि शिवणयंत्र मागितलं. आईने त्याला पाणीही न देता विचारलं, "काय झालं? राहिलं का?"

"तिनं सांगू नका म्हटलंय, मावशी."

"अरं, मी आजी हाय! मला तरी सांग."

त्याने हर्षदाकडे मान वळवली. आपल्यासाठी काही निरोप आहे का, असं हर्षदाने विचारलं. नाही, म्हणाला. रेश्माने आणखी एक वस्तू तेवढी आठवणीने आणायला सांगितली आहे. त्याने खुर्ची ओढली, वर चढून भिंतीवरचा सुहासचा फोटो हारासकट काढला, चादरीत गुंडाळला आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर ठेवला.